काकासाहेबाचे थांबे

काकासाहेबाला दुसऱ्याचं काही आवडलंय, असं गावानं कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्याचं पीक म्हणजे गवत. दुसऱ्याचा बैल म्हणजे नुसता सांगाडा. कुणाची पोरगी शिकली तर "शिकून काय, भाकरीच थापणार," आणि नाही शिकली तर "बापच अडाणी, पोर काय करंल." दौलताबादचा किल्ला बघायला लांबलांबून माणसं येतात, त्यांच्या गाड्यांकडं बघून तो पचकन थुंकायचा. "दगडं बघायला पेट्रोल जाळत्यात. येडे लेकाचे." किल्ल्याच्या मागल्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी त्याची सीताफळाची बाग होती आणि कडेनं पेरूच्या ओळी. जगात गोड म्हणजे तेवढंच.

सरूबाई ही त्याची बायको. या तोंडाशी तिनं सारा जन्म संसार केला. लोक म्हणायचे, बाईला सवय झाली असंल. सवय व्हायला काय, खरजेचीही होते.

बागेपासून फाट्यापर्यंत एकच वाट, आणि त्या वाटेच्या मधोमध काकासाहेबाचा धाकटा भाऊ आप्पासाहेब बसलेला. वाटण्या झाल्या त्या साली आप्पासाहेबानं आपल्या अंगणाला लोखंडी फाटक बसवलं. ते उघडायचं वाटेवर, आणि हा शहाणा ते दिवसभर उघडं ठेवायचा. बैलगाडी सोडाच, मोटरसायकलसुद्धा तिथं अडायची. "आप्पा, फाटक जरा आत घे," एवढा एक शब्द टाकला असता तर भागलं असतं. पण दोघं भाऊ बोलत नव्हते. "त्याला इनवायला मी काय त्याचा सालगडी हाय?" काकासाहेब म्हणायचा. तो विनवत नव्हता, हा हटत नव्हता, म्हणून हंगामातलं सगळं फळ बागेतून फाट्यावरच्या टेम्पोपर्यंत जायचं ते सरूबाईच्या डोक्यावरून. भावाभावांच्या तोऱ्याचं ओझं वाहायला घरात बाईमाणूस असतंच की.

गडीमाणसानं डोक्यावर पाटी घ्यायची नाही, ही तिथली रीत. गड्यानं पुढं चालायचं, मोकळ्या हातानं, खिशात बिडीबंडल. बाईनं मागं चालायचं.

त्या साली गणपतीच्या सुमाराला फळाचे डोळे उघडायला लागले आणि तोडणी सुरू झाली. सीताफळ थांबत नाही. आज डोळा उघडला म्हणून ठेवलं, तर उद्या झाडावरच फुटतं आणि मुंग्यांचं होतं. पहाटे दोघं बागेत जायची. काकासाहेब वाकून, चाचपून फळ तोडायचा, सरूबाई खाली पाला घालून पाटी भरायची. मग डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी आणि उताराची वाट.

अन् त्याच साली काकासाहेबाला थांबायची खोड लागली.

बागेतून निघालं की वळणावर एक बाभूळ होती. तिथं तो उभा राहायचा. "ही बाभळ कुणी वाढू दिली इथं? काटं बघ कसं पडल्यात. गावात एक माणूस कामाचा नाय." बाभळीचं बोलून झालं की पुढं निघायचा आणि फाटकापाशी पुन्हा उभा राहायचा. भावाशी बोलायचं नाही, म्हणून तो फाटकाशी बोलायचा.

"फाटक हाय का मसणवट्याचं दार? वाटेवर तंगड्या पसरून बसलंय. ज्यानं बसवलं त्याला लाज नाय, अन् तुला तरी कुठून असणार?"

आप्पासाहेब ओट्यावर बसलेला असायचा. तोही भावाला उत्तर देत नसे. तो शेळीला द्यायचा.

"चर गं तू, चर. भुंकणाऱ्याचं तोंड दुखतं, आपलं काय जातं?"

मग फाटक आणि शेळी यांचं असं बराच वेळ चालायचं. सरूबाई मागं पाटी घेऊन ताटकळत उभी. मान खांद्यात रुतायची, चुंबळ घामानं ओली व्हायची, घाम डोळ्यांत उतरायचा आणि पुसायला हात मोकळा नसायचा. पाटी खाली ठेवावी तर पुन्हा डोक्यावर द्यायला कुणी लागतं, आणि याच्या शिव्या कधी संपतील याचा नेम नाही. उभी राहायची बिचारी.

तिसरा थांबा इब्राहीमचाचांच्या किराणा दुकानापाशी.

"आओ काकासाब," इब्राहीमचाचा तराजू बाजूला सारून म्हणायचे, "आज क्या गलती हुई हमारी?"

"तुह्या दुकानाची पाटी वाकडी हाय."

"वो तो अब्बा के टाइम से वाकडी है."

"म्हणजे बापापासनंच बोंब हाय."

चाचा हसायचे. सरूबाईकडं बघून म्हणायचे, "भाभी, आपण पाणी पिता का?" आणि स्वतःच लाजायचे, कारण डोक्यावर पाटी असलेल्या बाईनं पाणी प्यायचं तरी कसं?

गाव म्हणायला लागलं, काकासाहेब आता पारच बिघडला. पूर्वी जाता जाता बोलायचा, आता मुक्काम टाकून बोलतो.

सरूबाईलाही तेच वाटत होतं. पण मग एक शुक्रवार आला. आप्पासाहेब खुलताबादच्या बाजाराला गेलेला, शेळी आत बांधलेली आणि फाटक चक्क बंद. सरूबाईला हायसं वाटलं. आज तरी वाट मोकळी, आज हा माणूस सरळ जाईल. काकासाहेब बरोबर फाटकापाशी आला आणि थांबला. फाटकाकडं बघत राहिला. बराच वेळ त्याला काही सुचेना.

"बंद का ठेवलंय?" शेवटी तो ओरडला. "दिवसाढवळ्या फाटक बंद ठेवत्यात व्हय? काय सोनं पुरलंय आत?"

पुढं इब्राहीमचाचा नमाजाला गेलेले, दुकानाचं शटर खाली. काकासाहेब शटरपुढं उभा राहिला आणि त्यानं शटरला झापलं.

आता मात्र सरूबाईनं पाटीखालून डोळे वर करून नीट बघितलं. शिव्या तोंडातून चालल्या होत्या, पण लक्ष शिव्यांत नव्हतं. डावा पाय त्यानं उचलून धरला होता. एक हात शटरला टेकलेला आणि दुसऱ्यानं धोतरावरून पोटरी दाबत होता. चेहरा फिकट पडला होता. थोड्या वेळानं पाय खाली टेकला, दम घेतला, शिवी अर्धीच सोडली आणि चालायला लागला.

सरूबाईला सगळं उमजलं, आणि काळजीच्या आधी संताप आला. अरे देवा! एवढे दिवस आपण डोक्यावर डोंगर घेऊन उभ्या, ते याच्या रागापायी नव्हे, याच्या पोटरीपायी! आणि या माणसानं एकदा तरी म्हणावं, "सरू, जरा थांब, पाय दुखतोय." म्हटलं असतं तर पाटी तरी खाली ठेवली असती की!

फाट्यावर टेम्पोत पाटी रिकामी केल्यावर तिनं विचारलं, "पायाला काय झालंय?"

"कुणाच्या?"

"शटरच्या. तुमच्या नाय तर कुणाच्या?"

"गोळा येतो जरासा. चाललं की येतो, उभं राहिलं की जातो. त्यात काय? तुला काय डाक्टरकी कळाया लागली?"

विषय संपला. काकासाहेबाचे विषय असेच संपायचे.

पण पाय काही संपू देईना. दसरा झाला आणि डावं पाऊल गार पडायला लागलं. बाहेर घाम निघेल असा उकाडा आणि पाऊल माठासारखं गार. निजलं की बोटांत आग व्हायची, मग हा खाटेवरून पाय खाली सोडून बसायचा. खाली लोंबता ठेवला की बरं वाटायचं. गावातल्या डॉक्टरनं शीर दबली म्हणून सुया टोचल्या. वैजापूरकडच्या एकानं तेल दिलं, ते त्यानं पायाला चोळलं आणि तेल देणाऱ्यालाही शिव्या दिल्या. बिडी चालूच. बिडीनं दुखणं विसरतं म्हणे.

गार पडलेल्या पायाला वीट, हे सरूबाईला सासूनं शिकवलेलं. चुलीत वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची, पायाखाली द्यायची. तिनं दिली. संध्याकाळी काकासाहेब वीट पायाशी घेऊन बिडी ओढत बसला.

"लागतीय का ऊब?" तिनं विचारलं.

"कुठं लागतीय? वीट तापवायची अक्कल नाय तुला. अजून तापव."

तिनं वीट अजून तापवली.

सकाळी बघते तर पावलाच्या कडेला हा मोठा फोड. करंगळीपर्यंत कातडं भाजून निघालेलं, आणि ज्याचा पाय त्याला पत्ता नाही! इस्तव भाजला तरी ज्या पायाला कळत नाही, तो पाय कसला? फोड फुटला. हळद लावली, मलम लावलं, पट्टी बांधली. आठ दिवस गेले, पंधरा गेले, जखम जशीच्या तशी. मग एका सकाळी पट्टी सोडली तर करंगळीचं टोक काळं. खालच्या आळीच्या एकाचा असाच अंगठा काळा पडला होता आणि पुढं त्याचा पाय गुडघ्यापासून काढला होता. सरूबाईनं तो माणूस पाहिला होता. ओट्यावर बसून असायचा, कुणी उचललं तर उठायचा.

"शहरात चला," ती म्हणाली.

"तोडणी टाकून? फळं तुझा बाप तोडणार?"

"फळं सडू द्या. पाय सडायलाय."

"लई बोलायलीस. शहरातले डाक्टर म्हणजे चोर. आधी कापत्यात, मग इचारत्यात कुठं दुखतंय."

सरूबाईनं पट्टी बांधून संपवली, गाठ मारली आणि उभी राहिली.

"बरं. नका येऊ. उद्या फाटकापाशी गेलं की मी भावजींना सांगते. म्हणते, तुमचे दादा फाटकाला शिव्या देत नाय, त्यांच्याच्यानं चालवत नाय म्हणून ते तिथं उभे राहत्यात. पाय काळा पडलाय, हात धरून घरी सोडा त्यांना."

काकासाहेबानं अर्धी बिडी जमिनीवर घासून विझवली. पाय गेला असता तर चाललं असतं, पण आप्पासाहेबानं हात धरायचा? दुसऱ्या दिवशी गाव जागं व्हायच्या आत तो फाट्यावर काळ्या-पिवळी जीपच्या पुढच्या सीटवर बसला होता.

शहरात वाळूजच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेला त्यांचा पोरगा इंद्रजीत भेटला. औरंगपुऱ्यातून रिक्षानं तो दोघांना दवाखान्यात घेऊन गेला. पायाच्या नाड्यांच्या डॉक्टर आत बसल्या होत्या. तरुण बाई, डोक्यावर ओढणी, अदीबा नाव.

"ही?" काकासाहेब पोराच्या कानात म्हणाला, पण दालनभर ऐकू गेलं. "ही तर पोरगी हाय."

"पोरगीच आहे बाबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खुलताबादची. पट्टी सोडा."

"खुलताबादच्या पेरूला चव नसती."

"पेरूचं नंतर बघू. आधी पाय."

त्यांनी पावलावर बोटं ठेवून नाडी शोधली. घोट्यापाशी शोधली. गुडघ्यामागं शोधली. मग जांघेत सापडली. हाताला पट्टा बांधतात तसा घोट्याला पट्टा बांधून दाब मोजला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"बाबा, किती चाललं की थांबावं लागतं?"

"मी थांबतच नाय."

"थांबत्यात," सरूबाई म्हणाली. "बागेपासनं बाभळीपर्यंत जात्यात, तिथं बाभळीला बोलत्यात. मग फाटकापाशी. मग चाचाच्या दुकानापाशी. आषाढात नुसतं फाटकापाशी थांबायचे. बाभूळ आता सुरू झाली."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "म्हणजे थांबे जवळ जवळ यायला लागले."

"व्हय. अन् शिव्या वाढल्या."

इंद्रजीत खाली बघून हसू दाबायला लागला. काकासाहेबाचे कान लाल झाले. जन्मभराच्या त्या जरबेची त्या खोलीत नुसती दुखण्याची खूण होऊन बसली, आणि तीही बायकोच्या तोंडून.

मांडीतली रक्ताची नळी बंद पडत आली होती. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. "तुमच्याकडं ठिबक आहे ना? नळीत क्षार बसले की पुढच्या झाडाला पाणी मिळत नाही. तसं झालंय. पुढं पाऊल वाळायला लागलंय. भाजलेलं भरून यायला रक्त लागतं, ते पोचतच नाही. जांघेतून बारीक तार घालू, तिच्यावरून फुगा नेऊन नळी आतून रुंद करू आणि जाळीची नळी बसवू. चिरफाड नाही, भूलही तेवढ्या जागेपुरतीच. पण उशीर केलात तर मग कापण्याशिवाय मार्ग नाही. आणि बिडी आजपासून बंद. मावशी सांगतायत त्या विटेनं भाजलं खरं, पण पाय बिडीनं खाल्लाय."

सरूबाईनं ते ऐकलं आणि तिच्या उरावरची वीट अर्धी उतरली. अर्धी राहिलीच.

"फुगा?" काकासाहेब म्हणाला. "जत्रंतला?"

"त्याच्यापेक्षा महाग. पण रेशनकार्डावर सरकारी योजनेत होईल."

दुसऱ्या दिवशी वॉर्डबॉयनं वस्तरा घेऊन जांघेतले केस काढले. काकासाहेब छताकडं बघत पडला होता, दात आवळून. गावात कुणाची मान वर ठेवू न देणारा माणूस धोतर फेडून, पाठीमागं बांधायचा हिरवा डगला घालून चाकाच्या खाटेवर निघाला. सरूबाईला कीव यायला हवी होती. आली थोडी. पण खरं सांगायचं तर आधी वाटलं, बरं झालं, एकदा दुसऱ्याच्या हातात पडला.

दाराबाहेर ती बाकड्यावर बसली. आतून त्याचा आवाज येत होता. दिवा डोळ्यांवर येतोय. हात असे का बांधले? खोली एवढी गार ठेवायची काय गरज, माणसं का भाजी? तुमच्या मशीनला घरघर लागलीय. सरूबाई ऐकत होती. शिव्या चालू आहेत म्हणजे माणूस चालू आहे.

मग आवाज बंद झाला.

एकदम बंद. सरूबाई उठून उभी राहिली. इतकी वर्षं जे तोंड बंद पडावं म्हणून तिनं मनात नवस केले, ते बंद पडलं आणि ती धडपडत दाराशी गेली. मेला का हा? भांडायचं राहिलं माझं, अन् हा मेला? तिनं दाराला कान लावला. आत मशीन तेवढी वाजत होती. ती खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली. स्वतःवरच चिडत रडली, की या माणसासाठी आपल्याला रडू येतंच कसं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. डॉक्टरीणबाई टोपी काढत बाहेर आल्या. "झालं मावशी. रक्त पावलापर्यंत गेलं. करंगळीचं टोक वाचेल असं वाटत नाही, पण पाय वाचला."

"बोलत का नव्हते हो ते?"

"पाऊल गरम लागायला लागलं, तेव्हापासून गप्प झाले."

संध्याकाळी तो पाय सरळ ठेवून पडला होता. हलायचं नाही म्हणून ताकीद होती. सरूबाईनं पावलाला हात लावला. ऊन होतं. माणसाचं पाऊल असावं तेवढं ऊन.

"कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

काकासाहेबानं तिच्याकडं बघितलं. काहीतरी बोलेल असं वाटलं, एखादा चांगला शब्द. ओठ हलले.

"इथला चहा म्हणजे नुसतं कोमट पाणी हाय," तो म्हणाला.

करंगळीचं टोक गेलं. जखम भरायला मार्गशीर्ष लागला. सीताफळ निम्मं झाडावरच फुटलं, निम्मं इंद्रजीतनं सुट्ट्या काढून उतरवलं. मग पेरू लागला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, चाला, रोज चाला. तो चालायला लागला तो असा, की विचारू नका. छाती पुढं, हात मागं. नुसता एक पाय बरा झाला तर याचा हा थाट, दोन्ही झाले असते तर विमानात बसला असता. दवाखान्याचं त्यानं गावाला सांगितलं नाही. पोराकडं चार दिवस राहायला गेलो होतो म्हणाला, आणि शहराला नावं ठेवली.

पेरूची पहिली पाटी फाट्याकडं निघाली, तेव्हा काकासाहेब पुढं, सरूबाई मागं. पेरू सीताफळापेक्षा जड. बाभूळ आली, तो बाभळीकडं न बघता गेला. फाटक आलं. सताड उघडं. आप्पासाहेब ओट्यावर शेळीची दोरी धरून तयार बसला होता, उत्तर जुळवून. काकासाहेब फाटकाच्या कडेनं अंग चोरून निघाला आणि सरळ पुढं गेला. एक शब्द नाही. आप्पासाहेबानं दोरी खाली टाकली.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "दादाला बरं नाय का?"

सरूबाई थांबली. मान दुखत होती, पोटऱ्या भरून आल्या होत्या, आणि पुढं हा बुवा मोकळ्या हातानं वाऱ्यावर निघाला होता. इतके दिवस निदान थांबायचा तरी. तिनं पाटी ओट्याच्या कडेला टेकवली, सरकवली आणि ओट्यावर बसली. पदरानं तोंड पुसलं.

इब्राहीमचाचांच्या दुकानापाशी जाऊन काकासाहेबाच्या ध्यानात आलं, मागं कोणी नाही. तो तरातरा परत आला.

"काय झालं? का थांबलीस?"

"फाटक बघतीय," सरूबाई म्हणाली. "बाहेर उघडतंय. वाईट हाय लई."

"येडी झालीस का? टेम्पो जाईल!"

"जाऊ द्या की. टेम्पोवाल्याला तरी कुठं अक्कल हाय." ती आरामात पाय पसरून बसली. "अन् ही शेळी बघा. हाडं निघाल्यात. अन् ओटा बघा, सारवलाय का नुसता चोपडलाय?"

आप्पासाहेब दोघांकडं बघायला लागला. काकासाहेबाला कळलं. त्याचा चेहरा जांघेत वस्तरा फिरला तेव्हा झाला होता तसा झाला.

"सरू," तो आवाज खाली करून म्हणाला, "पाटी उचल."

"तुमी थांबायचा तवा मी ती डोक्यावर घिऊन उभी ऱ्हायचे. रोज. तीन ठिकाणी." तिनं डोक्यावरची चुंबळ काढली, झटकली आणि त्याच्यापुढं धरली. "आता पाय माझे दुखत्यात. मला सांगायची लाज नाय वाटत. घ्या."

"मी? पाटी? गाव काय म्हणंल?"

"म्हणू द्या. गावात एक माणूस कामाचा नाय, तुमीच म्हणता ना? मग भ्यायचं कशाला?"

वाटेवर कोणी कोणी उभं राहिलं होतं. इब्राहीमचाचा दुकानाच्या पायरीवर आले होते. काकासाहेबानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. चुंबळ घेतली. टोपी काढून खिशात कोंबली आणि चुंबळ डोक्यावर ठेवली, तीही वाकडी. सरूबाईनं सरळ केली. पण पाटी एकट्यानं डोक्यावर जात नाही. दुसऱ्याचा हात लागतो, आणि सरूबाई काही उठेना.

आप्पासाहेब हसू आवरत शेळीला म्हणाला, "बघितलंस का गं?"

"आप्प्या, शेळीशी काय बोलतोस?" काकासाहेब खेकसला. वाटण्या झाल्यापासून भावाला तोंडावर म्हटलेला तो पहिला शब्द. "दात काय काढतो? हात लाव."

आप्पासाहेबाचं हसू गेलं. तो ओट्यावरून उतरला. दोघा भावांनी पाटीला दोन्हीकडून हात घातला आणि उचलली. काकासाहेबाची मान आत गेली, गुडघे लटपटले, डोळे बाहेर आले. पेरूची पाटी किती जड असते हे त्याला बागेचा मालक असून ठाऊक नव्हतं.

तो एक पाऊल टाकून थांबला. पुढं फाटक होतं. पाटी डोक्यावर असताना अंग कसं चोरायचं हे सरूबाईला जमायचं, त्याला ठाऊक नव्हतं.

"ते आत घे," तो खालच्या आवाजात म्हणाला.

आप्पासाहेबानं फाटक ओढून घेतलं. मधल्या बिजागरीला गंज चढला होता, ते करकरलं आणि बंद झालं.

काकासाहेब निघाला. सरूबाई उठली, लुगडं झटकलं आणि मोकळ्या हातानं मागं चालायला लागली. इब्राहीमचाचांच्या दुकानापाशी येईतो घाम त्याच्या डोळ्यांत उतरला होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तो उभा राहिला. दुकानावरच्या वाकड्या पाटीकडं डोळे गेले, तोंड उघडलं.

"चला," मागून सरूबाई म्हणाली. "पाय बरे हायेत आता."